गोल बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सामूहिक प्रार्थना आणि ऐकणं, इंदूर)

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या भागांतल्या मराठी घरांतून आळीपाळीनं गोल बैठक होते. तिच्याबद्दल फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुणी फार तिखट विचारलं असेल तर तेही तसंच.

१. गोल बैठक म्हणजे भजनी मंडळच ना?

नाही. भजनी मंडळात भजन मुख्य आणि सुखदुःखाच्या गोष्टी चहाच्या वेळी. इथे उलटं आहे. प्रार्थना थोडी आणि बराच वेळ एकमेकांचं ऐकणं. पेटी-तबला नाही, टाळ नाहीत, पुढे बसणारे बुवा नाहीत. आठ-दहा माणसं गोल करून बसतात, एक जण बोलतो आणि बाकीचे गप्प राहतात. गाण्याची हौस असेल तर भजनी मंडळातच जावं, इंदुरात त्यांची वाण नाही. आमच्यातले कितीतरी दोन्हीकडे जातात.

२. दीड तासात नेमकं काय काय होतं?

खाली सतरंजी. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना खुर्च्या, पण त्याही गोलातच, मागे भिंतीला लावून नाहीत. मधोमध समई. मोबाइल बंद करून दाराजवळच्या टोपलीत. पाच मिनिटं शांतता, मग छोटी प्रार्थना (प्रश्न ५ पाहा). त्यानंतर त्या दिवशी बैठक चालवणारी व्यक्ती एक साधा प्रश्न ठेवते: "या आठवड्यात कशाचं ओझं वाटलं?", "कुणाची आठवण आली?", किंवा "कुठली गोष्ट अजून कुणालाच सांगितली नाही?" हा तिसरा प्रश्न नवी माणसं असताना काढत नाही.

मग गोटा फिरतो. ओंकारेश्वरहून आणलेला, नर्मदेतला, काळसर, मुठीत मावेल एवढा, एका अंगाला पांढरी रेघ. ज्याच्या हातात गोटा त्यानंच बोलायचं. ("नर्मदेतला गोटा" कुणाला म्हणतात ते आम्हालाही ठाऊक आहे. प्रत्येक नवा माणूस हा विनोद करतोच.) बोलताना लोक नकळत त्याला अंगठ्यानं चोळत राहतात. शेवटच्या माणसाच्या हातात पडतो तेव्हा तो चांगला ऊबदार झालेला असतो.

पहिली फेरी संपली की दुसरी, छोटी: दुसऱ्यांचं ऐकताना स्वतःला काय वाटलं तेवढंच. शेवटी जे आजारी आहेत, अडचणीत आहेत त्यांची नावं घेऊन दोन मिनिटं शांत बसायचं, पसायदान म्हणायचं आणि चहा.

३. गोलच कशाला? ओळीत बसून नाही का ऐकता येत?

ओळीत बसलं की समोर एक तोंड आणि बाकी सगळ्या पाठी. कीर्तनाला ते बरोबर आहे, तिथे बुवांकडेच बघायचं असतं. पण कुणी आपल्या मुलाच्या दारूबद्दल सांगत असेल तेव्हा त्याला समोर माणसांचे चेहरे दिसायला हवेत. गोलाला पहिली जागा नसते आणि शेवटचीही नसते, त्यामुळे मानाची खुर्ची कुणाला द्यायची हा आपला सनातन प्रश्नही सुटतो.

माणसं बारापेक्षा जास्त नकोत. हिशेब सरळ आहे: बारा जण प्रत्येकी चार मिनिटं बोलले तर पहिली फेरीच ४८ मिनिटं घेते. तेरावा माणूस आला तर दोन गोल करतो, एक हॉलमध्ये आणि एक गच्चीवर.

४. हे खूळ परदेशातून आलं का?

काही भाग बाहेरचा आहे, काही घरचा. हातात वस्तू घेऊन पाळीपाळीनं बोलायची रीत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अनेक समाजांत जुनी आहे. तिथे पीस किंवा काठी फिरते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात निघालेला क्वेकर पंथ बिनपुरोहिताची, मूक प्रार्थनासभा भरवतो. ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, नाहीतर सगळे तासभर गप्प.

आपल्याकडे मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, त्यात एकत्र बसून प्रार्थना करणं हाच उपासनेचा गाभा होता. गांधीजींच्या संध्याकाळच्या प्रार्थनासभा सर्वांना माहीत आहेत. विनोबांनी पुढे भूदानाच्या पदयात्रेत मौन प्रार्थना सुरू केली. एका शब्दावरूनही कुणाचं अडायला नको, म्हणून शब्दच काढून टाकले. हेच विनोबा १९६० मध्ये इंदूरला मुक्कामाला होते आणि इथला विसर्जन आश्रम त्यांनीच सुरू केला. तेव्हा गच्चीवर गप्प बसलेली माणसं बघून "हे काय नवीन?" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

५. मी देव मानत नाही. किंवा: आमचा धर्म वेगळा आहे. यावं का?

यावं. सुरुवातीच्या शांततेत कुणी नामस्मरण करतं, कुणी श्वास मोजतं, एक काका तर सरळ सांगतात की ते वीजबिलाचा विचार करतात. शब्दांची प्रार्थना त्या दिवसाचं यजमान घर निवडतं. दत्ताची असेल, बायबलमधली असेल, कबीराचा दोहा असेल. ज्यांना म्हणायची नाही त्यांनी नुसतं बसावं. पसायदानात नऊच ओव्या आहेत आणि मागणं सगळ्या प्राणिमात्रांसाठी आहे, म्हणून ते ठेवलं. तरीही कुणाला म्हणायचं नसेल तर त्याच्याकडे वळून बघत नाही.

६. माझी बायको सिंधी आहे, मराठी समजतं पण बोलता येत नाही. चालेल?

चालेल. निम्मी इंदुरी मराठी घरं भांडतात मराठीत आणि मुलांशी बोलतात हिंदीत. ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोलावं. फक्त कुणी कुणाचं मराठी सुधारायचं नाही. निवृत्त शिक्षकांना हा नियम सगळ्यात जड जातो.

७. बोललंच पाहिजे का? मला चारचौघांत जमत नाही.

नाही. गोटा हातात घ्या, वाटलं तर क्षणभर धरा, "पुढे" म्हणा आणि द्या. का नाही बोललात असं चहाच्या वेळीही कुणी विचारणार नाही. महिनोन्महिने न बोलता येणारी माणसं आहेत आणि त्यांची जागा रिकामी असली तर बाकीच्यांना ती जाणवते.

८. कुणी अडचण सांगितली आणि मला उपाय माहीत आहे, तरी सल्ला का द्यायचा नाही?

सगळ्यात जास्त तक्रारी याच नियमाबद्दल येतात, म्हणून सविस्तर.

एक बाई सांगतात, "मुलगा बंगळूरला आहे. फोन करतो, पण दोन मिनिटांत ठेवतो." आपल्या सवयीप्रमाणे लगेच काय होतं? एक जण म्हणतो, "अहो, त्यांना काम किती असतं!" दुसरी म्हणते, "तुम्ही व्हिडिओ कॉल करा ना." तिसऱ्याला स्वतःचा मुलगा आठवतो आणि पुढची दहा मिनिटं त्या मुलाची. बाई मान डोलावतात, "हो, करून बघते" म्हणतात आणि गप्प होतात. व्हिडिओ कॉल त्यांना येत नाही असं थोडंच आहे? त्यांना सांगायचं होतं की संध्याकाळी सात वाजता घर खायला उठतं. तिथवर पोचायच्या आतच आपण त्यांना वाटेत अडवलं.

सल्ला देणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं. ऐकणाऱ्याला हात बांधून बसल्यासारखं वाटतं, आणि तेच असह्य होऊन आपण तोंड उघडतो. माझं मत स्पष्ट आहे: मराठी दिवाणखान्यात सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. पूर्ण वाक्य ऐकून घेणारं माणूस मिळत नाही.

मग गोलात काय म्हणायचं? दुसऱ्या फेरीत "तुमचं ऐकून मला माझी आई आठवली" एवढं म्हणा आणि थांबा. आईची अख्खी गोष्ट नको. खरोखर उपयोगाची माहिती असेल, म्हणजे पेन्शनचा फॉर्म, चांगले दातांचे डॉक्टर, तर चहाच्या वेळी आधी विचारा: "काकू, मला एक सुचलंय, सांगू का?" नको म्हणाल्या तर नको.

९. कुणी रडायला लागलं तर?

रडू द्यावं. पाण्याचा तांब्या आणि भांडं जवळ असतंच, ते पुढे सरकवावं. पाठीवर हात फिरवायच्या आधी डोळ्यांनी विचारावं, सगळ्यांना स्पर्श आवडत नाही. "रडू नका" म्हणायचं नाही. गोटा त्यांच्याकडेच राहतो, घाई नाही.

१०. प्रार्थनेनं आजार बरा होतो का?

आम्ही तसा दावा करत नाही आणि कुणी बैठकीत केला तर थांबवतो.

यावर मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवर केलेला हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं: ५२ आणि ५१ टक्के. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के होतं. याचं पक्कं कारण सिद्ध झालेलं नाही. माझा अंदाज विचाराल तर माणूस धास्तावत असेल: माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे माझं काही खरं नाही!

म्हणणाऱ्याच्या शरीरावर मात्र थोडा परिणाम दिसतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात (२३ माणसं) ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. सुरुवातीची प्रार्थना आम्ही ठेवली ती याच कामासाठी: धावत आलेला माणूस जरा थंडावावा आणि ऐकण्याजोगा व्हावा.

बीपीची, साखरेची, डिप्रेशनची कुठलीही गोळी बैठकीच्या भरवशावर बंद करायची नाही. "आमच्या साधनेनं मधुमेह जातो" अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषध आणि जादुई उपचारविषयक कायद्याखाली गुन्हा आहे. तसली पत्रकं वाटणाऱ्यांना बैठकीत जागा नाही.

११. मग 'मन मोकळं केल्यानं बरं वाटतं' याला तरी काही आधार आहे का?

आहे, पण अटींसह. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ पासून आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. मन खचलेली माणसं त्यांच्याशी बोलतात, आणि त्यानंतर गटात बसून, हातानं पिशव्या विणता विणता एकमेकांना धरून राहतात. ५७३ जणांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी त्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी दिसली. हा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या आज्या शिकलेल्या होत्या आणि त्यांच्या मागे डॉक्टर उभे होते. आमच्याकडे तेवढं काही नाही, तेव्हा त्यांचं यश आम्ही आमच्या खात्यात जमा करत नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी बैठकीपेक्षा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा उत्तम. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ भारतभर आहे, फी नाही, आणि तिथे बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेनं गेलेला असतो.

१२. इंदूरचा मराठी समाज केवढासा! माझी गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री काय?

लेखी खात्री कुणीच देऊ शकत नाही. कुणाची मावशी कुणाची विहीण निघेल याचा नेम नाही, हे खरंच आहे. नियम असे: गोलात ऐकलेलं घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. भाजी घेताना भेट झाली तर "त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते..." असा विषय आपण काढायचा नाही, त्या व्यक्तीनं काढला तर बोलायचं. फोटो, रेकॉर्डिंग, नोंदी काहीही नाही. गोष्ट बाहेर गेल्याचं कळलं तर ज्यानं नेली त्याला पुन्हा बोलावत नाही. यावर नाराजी ओढवते, ओढवू द्यावी.

दोन अपवाद पहिल्याच बैठकीत सांगितले जातात. जिवाला धोका असेल तर (प्रश्न १३). आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. तिथे पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

१३. "जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हणालं तर?

गोटा पुढे जात नाही, फेरी थांबते. बैठक चालवणारी व्यक्ती आणि त्या माणसाच्या ओळखीचं आणखी एक जण त्याला घेऊन आतल्या खोलीत बसतात. सरळ विचारतात: "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. त्यांना एकटं सोडायचं नाही, घरी एकटं पाठवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट. धोका समोरच दिसत असेल तर ११२, किंवा गाडीत घालून एम.वाय. हॉस्पिटल. पुढच्या उपचारांसाठी बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टरही आहेत.

"पोलीस केस होईल" म्हणून घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. शिक्षेच्या भीतीनं उशीर करू नका.

१४. सुतक असताना, पाळी असताना यावं का?

पाळीचा प्रश्नच नाही, या. सुतकाचं जरा वेगळं. बैठकीत पूजा नाही, नैवेद्य नाही, त्यामुळे आमच्याकडून अडचण नाही; आणि तेराव्याच्या आत माणसाला ज्याची गरज असते ते इथे आहे. पण घरातल्या मोठ्यांना पटत नसेल तर वाद घालू नका. निरोप द्या, आमच्यातले चौघे तुमच्याकडे येऊन बसतील. समई लावायची की नाही ते तुमचं घर ठरवेल.

१५. सासू-सून, नवरा-बायको एकाच गोलात बसले तर?

सुरुवातीला नको. सून गोटा हातात घेऊन सासूसमोर काय बोलणार? "सगळं छान आहे." आणि सासूबाईही तेच. दोघींसाठी वेगवेगळ्या दिवसांच्या बैठका आहेत. काही महिन्यांनी दोघींनी आपणहून सांगितलं तर एकत्र बसता येतं. नवरा-बायकोंचंही तसंच. फक्त नवरे वेगळ्या दिवशी येतो म्हणतात आणि येत नाहीत, हा भाग वेगळा.

१६. दोन भावांचं घराच्या वाटणीवरून वाजलंय. गोलात मिटेल का?

साप्ताहिक बैठकीत नाही. तंटा मिटवायचे गोल ही वेगळी, अवघड गोष्ट आहे. कॅनडातल्या युकॉन प्रदेशात १९९२ मध्ये एका न्यायाधीशांनी गुन्ह्याची शिक्षा ठरवण्यासाठी आरोपी, पोलीस आणि गावकरी यांना गोलात बसवलं. तिथपासून ही पद्धत न्यायालयांत चर्चेत आली. तिला तयारी लागते: दोन्ही बाजूंशी आधी स्वतंत्र बोलणं, दोघांची खुशी, आणि चालवणारा दोघांनाही मान्य. वाटणीचे कागद असतील तर वकील गाठा. गोलात फार तर एवढं होईल की पुढच्या दिवाळीला दोघे एकमेकांकडे फराळाला जातील.

घरात मारहाण होत असेल तर मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्या बाईला एका गोलात बसवणं धोक्याचं आहे, कुणीही कितीही आग्रह केला तरी. बायकांसाठी हेल्पलाइन १८१.

१७. एकच माणूस दर वेळी वीस मिनिटं बोलतो. काय करावं?

चार मिनिटांनी बैठक चालवणारी व्यक्ती हात छातीशी नेते, ती खूण. तरीही चालू राहिलं तर "आणखी एक वाक्य" असं म्हणते. बहुतेकांना ते पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांना बऱ्याचदा घरी ऐकणारं कुणीच नसतं, म्हणून आठवड्यात मध्ये एकदा त्यांच्याकडे कुणीतरी जाऊन बसतं. गोल आटोपशीर होतो.

१८. वर्गणी, दक्षिणा, नाश्ता?

वर्गणी नाही, दक्षिणा नाही. फक्त चहा आणि बिस्किट. पोह्यांवर एकदा सुरुवात झाली की पुढच्या घरी पोह्यांबरोबर जलेबी, त्याच्या पुढच्या घरी कचोरी, आणि ज्या काकूंना एवढं झेपत नाही त्या यजमान व्हायचं टाळतात. खायचं असेल तर बैठकीनंतर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उघडा असतो.

१९. पुण्याला किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांना ऑनलाइन जोडता येईल का?

वेगळी ऑनलाइन बैठक करा, सगळेच पडद्यावर. अर्धे खोलीत आणि एक जण टेबलावरच्या फोनमध्ये, असं जमत नाही; त्याला निम्मं ऐकू येत नाही आणि त्याच्या मागून कोण चालत गेलं याकडेच बाकीच्यांचं लक्ष. गुप्ततेचं काय, तर हेडफोन आणि बंद दार. बाकी प्रश्न १२ प्रमाणे.

२०. आमच्या कॉलनीत (किंवा ग्वाल्हेरला, देवासला) सुरू करायची आहे. तुमची परवानगी लागते का?

नाही. नाव, नियम, प्रश्न, सगळं उचला. माइक लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला तशीही बंदी आहे, आणि माइक हातात आला की माणूस ऐकवायला लागतो. बैठक चालवायची पाळी दर वेळी बदला, नाहीतर बघता बघता कुणीतरी महाराज होतं. वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा, म्हणजे ज्यांना घरी जाऊन कुकर लावायचा असतो त्याही येत राहतात. आणि सुरू करायच्या आधी प्रश्न १२ व १३ मधले क्रमांक एका कागदावर लिहून यजमानांच्या फ्रिजवर लावा. पहिल्या दिवशी चारच माणसं आली तर चौघांत बसा. फेरी वीस मिनिटांत संपेल, उरलेल्या वेळात भाषण करू नका, दुसरा प्रश्न घ्या.